नाथसागरावर जोडलेले हात

नाथसागराचं पाणी दिसलं की कॅप्टन बन्सी सांडू इंजिनांचा जोर कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलवरचा हात काढून पैठणच्या दिशेनं नमस्कार करायचे. दर खेपेला. तेवढा वेळ विमान यंत्राच्या भरवशावर. उंची तेच सांभाळायचं, वेगही तेच.

आजही हात सुटला. डोळे मिटले, ओठ हलू लागले.

सुटता सुटता अंगठ्याखाली थ्रॉटलवरचं बटण दाबलं गेलं. वेग सांभाळणारं यंत्र बंद; उंचीचं चालूच. लाल दिवा लुकलुकला, पण सांडूंच्या खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं. त्यात तो कुणाला दिसणार?

शेजारच्या खुर्चीतल्या जाहेदाला, त्यांच्या सहवैमानिकाला, फक्त वेगाचा आकडा दिसला.

दोनशे दहा.

विमान उतरता उतरता सरळ झालं होतं. आता वेग राखायला थ्रॉटल आपोआप पुढं सरकायला हवेत. सरकतील. यंत्र आहे, घेईल दमानं.

एकशे नव्वद.

"सर," ती म्हणाली, अगदी हळू. कुणाची दुआ चालू असताना मध्ये बोलू नये, हे अम्मीनं लहानपणीच अंगात मुरवलेलं.

सांडूंनी डोळे न उघडता मान हलवली. थांब जरा.

ती थांबली.

एकशे सत्तर. उंची राखायला विमान नाक वर उचलत होतं. आता सुटतील हात. आता. आ—

समोरची सुकाणूची दांडी थरथरू लागली. विमान पडायच्या आधी ती अशी थरथरते, हे जाहेदानं आजवर फक्त सरावात पाहिलेलं.

"कंट्रोल माझ्याकडं."

नाक खाली. थ्रॉटल पूर्ण पुढं. इंजिनांना जोर धरायला वेळ लागतो. तेवढ्यात काचभर पाणीच पाणी. पाण्यावर होडी. होडीत माणूस, वर बघणारा.

मग पाठ खुर्चीत दाबली गेली. पाणी हळूहळू खाली राहिलं.

"यंत्र कवा बंद झालं?" सांडूंनी विचारलं.

"तुम्ही हात काढला तेव्हाच, सर."

"तुला दिसलं व्हतं?"

"वेग पडताना दिसला."

"मग हिसका द्यायचा ना हाताला, बाई."

"हात जोडलेले होते तुमचे."

सांडूंनी थ्रॉटलकडं हात नेला. तो त्यांनी परत मांडीवर ठेवला.

"चिकलठाण्याला तूच उतरव."

"जी."

यंत्र पुन्हा लावायला थ्रॉटलवरची मूठ सोडावी लागणार होती. जाहेदाची सुटेना.