पितृपक्षातली पॉलिसी

फार्मसीतली पोरगी म्हणाली, "सर, अप्रूव्हल रिजेक्ट."

चंद्रहासला वाटलं, थट्टा करतेय. थट्टा हा त्याचाच प्रांत; दुबईत जबल अलीच्या गोडाउनात त्याने कुणाला सोडलं नव्हतं. पण पोरगी हसेना. शेजारी त्याची बायको कमलिनी सुजलेली बोटं ओढणीत लपवून उभी. संधिवाताचं इंजेक्शन चुकलं, की तिच्याच्यानं कुकरचं झाकणही लागत नसे.

त्याने तिथूनच इन्शुरन्सवाल्या फैजला फोन लावला.

"भाईसाब, पुरानी पॉलिसी खतम हुई, नई कंपनीवाली पंधरा दिन बाद चालू. बीच में गॅप. अब भाभी की बीमारी पहले की मानी जाएगी. छह महीने कुछ नहीं मिलेगा."

"गॅप क्यूं पडा?"

"आपके शेठ बोले, पितरों के दिन हैं, नया कुछ साइन नहीं करूंगा."

चंद्रहासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चल, गाडीत बस," तो कमलिनीला म्हणाला. सबंध रस्ताभर शिव्या त्याच्या तोंडात मावत नव्हत्या.

दोघं ऑफिसात शिरले तेव्हा उपेंद्रशेठ केबिनमध्ये डबा खात होता. कंपनी त्याच्या वारलेल्या वडिलांची, आप्पांची. चंद्रहास त्यांच्या हाताखाली वाढलेला आणि उपेंद्र चंद्रहासच्या खांद्यावर. चंद्रहासने आत शिरताच पॉलिसीचा जाब विचारला.

"काका, पितृपक्षात सही केली असती तर आप्पांना काय वाटलं असतं?"

"आणि ही अंथरुणाला खिळली तर त्यांना बरं वाटेल?"

"अहो, मला काय माहीत असं होईल? बघतो काहीतरी. इन्शाल्ला."

बाहेर टेबलांवरच्या लोकांची बोटं कीबोर्डवर थांबली होती. चंद्रहासने केबिनचं दार सताड उघडलं. मग खांदे पाडले, हनुवटी छातीला टेकवली आणि घसा खरवडला. हा आवाज काढला की सगळं ऑफिस खिदळायचं. आज सगळे खुर्च्यांवरून उठून बघू लागले.

"उप्या," हुबेहूब आप्पा बोलले, "मी तुझ्याकडे वाटीभर खीर मागितली होती रे. कमलिनीचे हात कधी मागितले?"

उपेंद्रच्या हातातला घास तसाच राहिला. "काका, हे फार होतंय!"

"फार?" आता आवाज चंद्रहासचाच होता. "कमल, दाखव हात."

तिने ओढणी बाजूला केली. उपेंद्रने बघितलं आणि मान खाली घातली.

"तू लहान होतास तेव्हा याच हातांनी तुला भरवलंय. मेलेल्यांची एवढी काळजी, आणि जिवंत माणसाला सहा महिने वाऱ्यावर?"

"मी देतो," उपेंद्र पुटपुटला. "सहाही महिने, माझ्या खिशातून. उद्या..."

"उद्या नाही. फार्मसी उघडी आहे." चंद्रहासने त्याच्या डब्याला झाकण लावलं. "यल्ला, चल, ऊठ."

उपेंद्र खरकट्या हातानेच उठला. कमलिनीने त्याला वॉशबेसिन दाखवलं.

"आधी हात धू," ती म्हणाली. "आणि काकांना गाडी चालवू देऊ नकोस. आज कुणालातरी उडवतील."