तिगावचं संत्रं

नत्थूजींनी कापसाच्या पऱ्हाटीच्या वाळल्या काड्या गुडघ्यावर मोडून जाळात सारल्या आणि नेमका तेव्हाच, गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या बांबूंपलीकडे, नगरपालिकेच्या गाडीवरचा भोंगा बोलू लागला. मध्य प्रदेशातल्या या पांढुर्ण्यात सरकार हिंदीत बोलते. त्यामुळे त्याचे म्हणणे थोडे अधिक खरे वाटते. म्हणणे असे, की या प्रतिबंधित गल्लीत रोज सकाळी शेकोटीभोवती गर्दी जमते. शिवाय तिचा धूर आणि वास घराच्या आतपर्यंत शिरून त्रास होतो, अशी एका रहिवाशाचीच तक्रार आहे. सबब शेकोटी आजपासून बंद.

विधाने दोन होती आणि दोन्ही खोटी.

पहिल्याचे खोटेपण डोळ्यांना दिसत होते. जाळापाशी नत्थूजी एकटे उकिडवे बसलेले. बाकीची गल्ली शाली-मफलरी गुंडाळून आपापल्या ओट्यावर, इतकी दूर की ऊब कुणापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. डिसेंबरात करोनामुळे गल्ली पुन्हा बंद झाली तेव्हा हा तोडगा नत्थूजींनीच काढला होता: जाळ मधोमध, माणसे ओट्यावर. भरताची एक बशी सोडली तर इतरांच्या वाट्याला आला तो केवळ वास. आधी पऱ्हाटीच्या धुराचा, मग निखाऱ्यात भाजणाऱ्या वांग्यांचा, आणि अखेरीस जाळावर पिळलेल्या संत्र्याच्या सालीचा. तेवढ्यावर माणसे तासभर बसून राहत. दिवसभरात एकमेकांची तोंडे दिसण्याची ती एकच वेळ होती. निवडणुकीच्या सभांत ज्या सरकारी नजरेला गर्दी आढळली नव्हती, तिला ती इथे आढळली.

गाडीतून कर्मचारी अनिल उतरला आणि बांबूला हात टेकून उभा राहिला.

"विझवा जी, नत्थूजी. वरून ऑर्डर आहे."

"गर्दी कुठी आहे बाप्पा? दाखव मले."

"मले कायले विचारता? फोन तुमच्याच गल्लीतून आला."

"कोणाचा?"

"नाव नाही सांगता येत."

"नको सांगू," समोरच्या ओट्यावरून मंगलाबाई म्हणाल्या. "आम्ही हुडकतो. ज्याले फुकटचं भरीत पचत नसन, त्याचाच असन."

गल्ली हसली. मोरेश्वर देशकर हसले नाहीत. महाविद्यालयात आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेला हा माणूस मफलर नाकावर ओढून ओट्याच्या खांबाकडे पाहत राहिला. शेजारी बसलेल्या स्मिताबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिले आणि मग हातातल्या बशीकडे.

ही शेकोटी पूर्वी अशी लांबून पाहण्याची वस्तू नव्हती. देशकरांचे केस काळे होते तेव्हापासून, थंडी पडली की, गल्ली तिच्याभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसे. शनिवारी जामसांवलीहून मारुतीचे दर्शन घेऊन आलेला कुणी प्रसादाचा नारळ फोडी. शेतावरून कुणी तुरीच्या शेंगा आणी. साऱ्यांचे खाऊन झाले की नत्थूजी कोटाच्या खिशातून संत्रे काढत. "सर, डोळे मिटा." मग साल जाळावर पिळली जाई, तडतड ठिणग्या उडत, आणि सर मिटल्या डोळ्यांनी निकाल देत. हे सौंसरकडचे, पाणी जास्त झालेले. हे तिगावचे, नत्थूजींच्या स्वतःच्या बागेतले. फसवण्यासाठी नत्थूजींनी नाना गावची फळे आणली. सर फसले नाहीत. इतिहासाच्या माणसाला कागद नसला तरी चालतो, धूर पुरतो, असे ते म्हणत, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, ते विद्यापीठाने त्यांना कधी दिले नव्हते.

यंदा सर रोज ओट्यावरूनच सांगत, "तिगावचं." आणि ते रोज बरोबर येई, कारण बंद गल्लीत दुसरे संत्रे येतच नव्हते. परवा मात्र नत्थूजींनी गंमत म्हणून मोसंबीची साल पिळली.

"तिगावचं," सर म्हणाले.

"मोसंबी होती ते, सर! गेले तुम्ही कामातून."

गल्ली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. सरही हसले होते आणि बशी तशीच ठेवून आत गेले होते.

त्याच दुपारी दूध करपले. स्मिताबाई अंगणातून धावत आल्या, तेव्हा सर चुलीशेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. लक्ष नव्हते, म्हणाले. मग मागच्या खोलीत जाऊन, दार लावून, त्यांनी कुणाला तरी फोन केला. सप्टेंबरात दवाखान्याने त्यांना 'पूर्णपणे बरे' ठरवून घरी पाठवले होते. ताप मोजला होता, प्राणवायू मोजला होता. नाकाविषयी कुणी विचारले नव्हते, आणि न विचारलेले सांगण्याचा सरांचा स्वभाव नव्हता.

"अहो," स्मिताबाई हळूच म्हणाल्या, "दूध करपलं तेव्हा तुम्ही शेजारीच बसून होते ना?"

सरांनी मफलर आणखी वर ओढली.

नत्थूजींनी पाण्याची बादली उचलली होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"अनिल, एक मिनिट थांब बाप्पा. एवढं एक होऊ दे." त्यांनी खिशातून संत्रे काढले आणि ते सोलू लागले. "सर, डोळे मिटा. आज लबाडी नाही करत. परवा उगाच हसलो आम्ही."

सवयीने सरांचे डोळे मिटले. साल तडतडली. ओट्या-ओट्यांवर माणसे नाक वर करून बसली. बांबूपलीकडे अनिलनेही मास्क हनुवटीवर ओढला.

"सांगा ना सर," मंगलाबाई म्हणाल्या. "आमच्यापर्यंत आला."

नत्थूजींनी साल पुन्हा एकदा, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत पिळली. सरांनी मफलर खाली केली आणि साऱ्या गल्लीला दिसेल असा दीर्घ श्वास घेतला. स्मिताबाईंनी त्यांच्या मांडीवरची बशी अलगद काढून घेतली. सरांनी डोळे उघडले, आणि वर्गात बोलत तशा सावकाश, स्पष्ट आवाजात ते म्हणाले:

"फोन मी केला होता, नत्थूजी. सप्टेंबरपासून मला कशाचाच वास येऊन नाही राहिला. तो माझ्या ओट्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून मी नगरपालिकेला सांगितलं, की घरात शिरून राहिला."