लिलाबाईच्या रेकॉर्डची मागची बाजू

कामरगावच्या आसपास तेव्हा आम्ही तिघं लाउडस्पीकरवाले होतो. बाकीचे दोघं सिनेमाची गाणी लावायचे. लग्नात तीच, बारशाला तीच आणि पोळ्यालाही तीच. मी त्यांना हिंग लावूनही विचारत नसे. मला नवीन लागायचं, आणि ते इतर कोणाच्या आधी लागायचं. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हतो.

महिन्यातून दोनदा मी एस.टी.नं वाशीमला जायचो. स्टेशनजवळ बाबूलालचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. काउंटरखाली तो एक खोकं माझ्यासाठी बाजूला ठेवायचा. त्यात छोट्या रेकॉर्डी असायच्या, दोन्ही बाजूंना एकेक गाणं. मोठ्या कंपन्यांच्या नव्हेत. कोणी दोनशे नग काढून कंपनी बंद केलेली, कोणी लेबलावर गाणाऱ्याचं नावच उलटं चिकटवलेलं. गाणाऱ्या सगळ्या गावोगावच्या गायन पार्ट्या. पेटीवर जिनिंगमधला हमाल, ढोलकीवर रेल्वेतला खलाशी, आणि म्हणणारा दिवसभर विटा वाहून घसा बसलेला. एका रेकॉर्डीत तर मध्येच कोंबडा आरवतो. मला ते फार आवडायचं. अशी रेकॉर्ड मी चार कार्यांत वाजवली की पाचव्या कार्यात लोक त्या पार्टीचा पत्ता विचारायचे. तीन पार्ट्या आमच्या भागात पहिल्यांदा आल्या त्या माझ्यामुळे.

बाबूलालची एक खोड होती. तो रेकॉर्डीची एकच बाजू ऐकवायचा. "दोनो बाजू सुनेगा तो घर क्या ले जाएगा रे, चंपत?" असं म्हणून सुई उचलायचा. म्हणून मी समोरच्या बाजूवर भरवसा ठेवून माल घ्यायचो.

पंचाहत्तर सालच्या फेब्रुवारीत त्या खोक्यात मला निळ्या लेबलाची एक रेकॉर्ड सापडली. लेबलावर एवढंच होतं: लिलाबाई आणि पार्टी, मूर्तिजापूर. समोरच्या बाजूला जयंतीचं गाणं होतं. बाईचा आवाज गोड नव्हता. शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारावी तसा होता, मोकळा आणि खात्रीचा. तिथल्या तिथे मी कागदी पाकिटावरच्या कंपनीच्या पत्त्यावर कार्ड लिहिलं, की चौदा एप्रिलला आमच्या गावी पार्टी पाहिजे. बाबूलाल हसला. म्हणाला, "अरे, गाववालों को पूछ तो ले पहले." मी म्हणालो, गाववाले माझ्या कानानं ऐकतात.

आमचं गाव कामरगावपासून दोन कोसांवर. आम्ही माळी, बा ग्यानबा भाजीचा मळा करायचा, आणि लाउडस्पीकरचं मशीन माझं. मळ्याला लागून बौद्धांची वस्ती. दरवर्षी त्यांच्या जयंतीला माझंच मशीन असायचं. वस्तीच्या तोंडाशी लिंबाचं झाड होतं, त्यावर मी भोंगा बांधायचो. त्याचा आवाज आमच्या अंगणात जसाच्या तसा यायचा.

त्या संध्याकाळी एस.टी.तून उतरलो तो आधी वस्तीत पंजाबराव गुरुजींकडे गेलो. ते शाळामास्तर, जयंतीचं सगळं तेच पाहायचे.

"गुरुजी, औंदा अशी पार्टी आनतो की नाव काढान. मूर्तिजापूरची लिलाबाई."

गुरुजी वह्या तपासत होते. त्यांचा हात थांबला.

"तू बलावतं तिले?"

"कार्ड टाकलं बी."

त्यांनी पेनाला टोपण घातलं. मग म्हणाले, "येऊ दे. तू बलावतं त येऊ दे." मला वाटलं, गुरुजींना आनंद झाला. मी आपल्याच घमेंडीत होतो.

घरी बा अंगणात बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होता. मी मशीन बाहेर काढलं. समोरची बाजू त्याला ऐकवली. बा कधी गाण्याबिण्याला मान डोलावणारा नव्हता, पण म्हणाला, "बाईचा गळा कडक हाय." मग मी रेकॉर्ड उलटली. मागची बाजू मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

पेटी नव्हती. नुसती डफावर थाप, आणि तोच आवाज, पण आता हळू.

मळ्याच्या विहिरीवर, बाई, पहारा देतं कोन?
काळा कुत्रा, कान पांढरा, आत टाकतं कोन?
भाऊ माहा बारका, प्याला ओंजळी दोन,
तिसऱ्या दिवशी माह्या माईले हाक मारतं कोन?

काळा कुत्रा, कान पांढरा. असा एकच कुत्रा या गावात होता आणि तो माझा होता. वाघ्या. डावा कान चुन्यात बुडवून काढल्यासारखा पांढरा. मी सात वर्षांचा असताना तो विहिरीत पडून मेला. असं मला बानं सांगितलं होतं. ती विहीर मग बुजवली आणि आम्ही मळ्याच्या दुसऱ्या टोकाला नवी खोदली. मी आठ दिवस रडलो होतो. माईनं मला मांडीवर घेऊन भाकर चारली होती.

मी बाकडे पाहिलं. त्याच्या हातात मेथीची अर्धी जुडी होती, सुतळी गुंडाळायची राहिली होती. गाणं पुढे सरकत गेलं. त्यात साल होतं, दीक्षेनंतरचा पहिला उन्हाळा. वस्तीनं गावची मेलेली ढोरं ओढायची सोडली, म्हणून गावानं त्यांचं पाणी तोडलं ते होतं. नाला आटला म्हणून मळ्याच्या पायऱ्यांच्या विहिरीवर भर दुपारी चोरून जाणाऱ्या बाया होत्या. पायाला धोंडा बांधलेला कुत्रा दोन दिवसांनी वर आला, तोवर पाणी पिऊन झालेलं होतं.

गाणं संपलं. सुई नुसतीच खरखरत फिरत राहिली.

"बंद कर ते," बा म्हणाला.

मी बंद केलं. माझ्या तोंडून जे पहिलं निघालं ते आजही मला विसरता येत नाही.

"बा, टाकला तवा वाघ्या मेल्ता का जिता होता?"

बानं जुडी खाली ठेवली, उठला आणि वांग्याला पाणी लावायला निघून गेला. त्या दिवशी वांग्याची पाळी नव्हती.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. माझ्या बापानं हे केलं यावर विश्वास बसेना, आणि केलं नाही असं म्हणायलाही जागा नव्हती. सकाळी उठून मी चूक केली. खिळा घेतला आणि रेकॉर्डीची मागची बाजू आरपार ओरबाडली. कोणी वाजवायला मागितली तर सुई घसरावी म्हणून. मग गुरुजींकडे गेलो. म्हटलं, पार्टी रद्द करू. त्यांनी कारण विचारलं नाही.

"तुमाले माहीत होतं?" मीच चिडून विचारलं.

"साऱ्या वस्तीले माहीत हाय. ती इथलीच पोरगी."

"मंग मले इतक्या वर्षांत कोनं काहून नाई सांगतलं?"

"तू कधी इचारलं?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "अन सांगून काय करतो, चंपत? गावात मशीन तुह्याच पाशी. आमाले जयंती त करा लागते."

हे ऐकून मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. दरवर्षी मी त्यांच्या मांडवात ऐटीत बसायचो, त्यांचा चहा प्यायचो, त्यांना नवीन गाणी ऐकवायचो. मला वाटायचं, मी यांच्यावर केवढी मेहेरबानी करतो आहे. आणि ते मला सहन करत होते.

पार्टी रद्द झाली नाही. पुढे गुरुजी म्हणाले, मी कार्डात दिलेल्या त्यांच्या पत्त्यावर तिचं उत्तर आलं, ती येते. बाशी मी त्या गाण्याबद्दल बोललो नाही, तोही बोलला नाही. दीड महिना आम्ही फक्त भाजीबद्दल बोललो.

चौदा एप्रिलला दुपारी चारच्या सुमारास पार्टी आली. लिलाबाई अठ्ठावीस-तीसची असेल. पांढरं पातळ, पायात रबरी चपला. ती माईक पाहायला सरळ माझ्याकडे आली. मी कोणाचा कोण, हे तिला अजून माहीत नव्हतं.

"जयभीम, दादा. तुमीच कार्ड टाकलं होतं ना? आमची रेकॉर्ड हाय तुमच्याजवळ?"

रेकॉर्ड समोरच पेटीत होती. मी काही म्हणायच्या आत तिनं ती उचलली, कागदातून काढली आणि हौसेनं उलटीपालटी केली. आपली रेकॉर्ड पाहताना माणसाचा चेहरा जसा होतो तसा तिचा झाला होता. मग तिला तो ओरखडा दिसला. तिनं त्यावरून अंगठा फिरवला.

"हे कोनं केलं?"

खोटं बोलायची माझी तयारी होती, पण जीभ वळली नाही.

"म्या केलं. मी ग्यानबा माळ्याचा चंपत. बाई, तुमच्या पाया पडतो, तेवढं एक गानं आज नका म्हनू. माहा बाप बुढा झाला. त्याले आंगनात सारं आयकू येते."

तिचा अंगठा ओरखड्यावरच होता. ती शिव्या देईल, ओरडेल, असं मला वाटत होतं. तसं काहीच झालं नाही, आणि मी बोलतच सुटलो.

"तो कुत्रा माहा होता. वाघ्या. मी सात वर्साचा होतो. बानं मले सांगतलं, पडला म्हून. आठ दिवस रडून राह्यलो होतो मी. तुमचं गानं आयकलं तवा समजलं."

"आठ दिवस?" तिनं विचारलं.

"हो."

"आमाले एकच दिवस भेटला," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "दुसऱ्या दिवशी आमी गाव सोडलं. माई, मी अन एक गठुडं." तिनं रेकॉर्ड कागदात घातली आणि पेटीत नीट ठेवली. "कुत्र्याचं नाव तुमाले याद हाय. चांगलं हाय. माह्या भावाचं नाव काय होतं, सांगा बरं."

मला माहीत नव्हतं. दीड महिना मी ते गाणं डोक्यात घेऊन फिरत होतो, एकदाच ऐकलं होतं तरी त्यातली एकेक गोष्ट लक्षात होती. त्यात एक पोरगं मेलं होतं आणि त्याला नाव असेल हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मला माझीच शिसारी आली.

"घरी जाऊन बाले इचारा," ती म्हणाली. "मंग माईक लावा."

मी मळ्याच्या वाटेनं अक्षरशः पळत गेलो. बा अंगणात बाजेची सैल झालेली दोरी ओढत होता. मला धाप लागली होती.

"बा, त्या लिलाबाईच्या भावाचं नाव काय होतं?"

कोण लिलाबाई, असं तो म्हणेल, निदान आठवल्यासारखं करेल, असं मी धरून चाललो होतो.

"सुकदेव," बा म्हणाला. हातातली दोरीही त्यानं सोडली नाही. "चार वर्साचा होता. माह्या मोटेवर येऊन बसे. माह्यासंगं बैलाले हाका मारे. मी त्याले काकडी देत होतो."

बाला काही माहीत नसेल, कोणाचं पोर पाणी पिईल याचा त्यानं विचार केला नसेल, असं काहीतरी मी दीड महिना मनाशी धरून ठेवलं होतं. ते आता उरलं नाही. त्याला नाव माहीत होतं. त्यानं त्या पोराला आपल्या हातानं काकडी दिली होती, आणि तरी धोंडा बांधला होता.

"मंग काहून, बा?"

"पंचाइतीनं सांगतलं. इहीर माही होती ना." त्यानं दोरीला गाठ मारली. "मले वाटलं, वास येईन, कोनी पेनार नाई."

वस्तीत कोणीतरी डफ तापवून थाप मारून पाहत होतं. बानं तिकडे मान वळवली. त्याचा चेहरा मी इतका भ्यालेला कधी पाहिला नव्हता.

"चंपत, ते आज म्हननार हाय ना?"

"हो."

"मंग तो भोंगा तेवढा वावराकडे फिरवून दे, बाबू. एवढं कर माह्यासाठी."

त्यानं मला बाबू म्हटलं होतं. लहानपणानंतर पहिल्यांदाच. माझा बाप होता तो, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वस्तीच्या वाटेला लागलो.

वस्तीत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि मांडव भरला होता. लिलाबाई माईकपाशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सुकदेव," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि डफवाल्याला खूण केली. समोरच्या बाजूचं गाणं तिनं आधी घेतलं नाही. लिंबावर चढायला शिडी तिथंच टेकवलेली होती. भोंग्याचं तोंड आमच्या अंगणाकडे होतं. मी मशीनजवळ बसलो, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि शिडीकडे गेलो नाही.