बोटाएवढं शिवणयंत्र

ब्वेनोस आयरेसच्या दक्षिण टोकाच्या बागेत, जानेवारीच्या उन्हात, आम्हा बोलिवियावाल्यांची जत्रा भरते. वर्षभरात जे मिळावंसं वाटतं ते इथे बोटाएवढं मिळतं. ऐन दुपारी ते धुपावर धरायचं. स्वतःसाठी घेतलेलं मात्र फळत नाही. दुसऱ्याने हातात ठेवावं लागतं, आणि ठेवलेलं नाकारायचं नसतं.

योवाना नर्सिंगची परीक्षा पास झाली होती. दवाखान्यातल्या बाईंनी पहिल्या भेटीत तिचं आडनाव ऐकलं, वस्ती विचारली आणि साफसफाईची जागा देऊ केली. योवाना खुर्चीवरून हललीच नाही, तेव्हा कुठे तिला नर्सच्या जागेसाठी सोमवारी पुन्हा बोलावलं. त्याच सोमवारी सातुर्निनोमामाच्या कारखान्यात गणवेश शिवायचं काम सुरू होणार होतं, आणि मामाने तिलाही त्यात धरलं होतं. गावाहून आलेला प्रत्येक जण आधी तिथेच बसतो. योवानाची आई अजून तिथेच बाह्या जोडते.

"मामा, मला ती पांढऱ्या टोपीची बाहुली घेऊन दे ना."

"थांब गं, बघतो," म्हणत मामा गर्दीत शिरला.

घंटा वाजल्या. धुरात इवलाली घरं, ट्रक, गाई तरंगायला लागल्या. योवानाला वाटलं, आपणही बोटाएवढ्या झालोय. आता कुणीतरी उचलेल आणि हवं तिथे ठेवेल. तेवढ्यात तिच्या तळव्यावर काहीतरी गार टेकलं. शिवणयंत्र होतं.

"सुईसुद्धा आहे बघ!" मामा खूश होता.

"मी टोपी म्हटलं होतं, मामा."

"टोप्या सगळ्याच पोरी मागतात. मी बस मागितली होती, चालवायला. माझ्या काकाने हेच दिलं. फळलं की नाही? अख्खं गाव पोसतो!" तो धुराकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "लाल होती ती बस."

योवानाने यंत्र मुठीत धरलं. "सोमवारी मी येणार नाही."

"आणि बाह्या? तुझी आई एकटी जोडणार?"

"ही जन्मायच्या आधी कोण जोडत होतं रे, तू?" शेजारी उभी असलेली योवानाची आई म्हणाली.

धूर विरला, लोक सावलीत जेवायला बसले. शेवटी मामाने योवानाकडे नीट पाहिलं, शिंप्याच्या नजरेने.

"उद्या तुझा तो नर्सचा पांढरा कोट घेऊन ये. खांद्यावर सैल असेल. तयार कपडे आपल्याला बसत नाहीत."