लाकडं कोण आणणार

माझं आणि ऑरिनचं लग्न झालं त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती, आणि आमचं पहिलं कडाक्याचं भांडण त्यावरूनच झालं. तो त्याच्या बापाच्या पक्षाचा, मी माझ्या बापाच्या. दोघांचे बाप हट्टी आणि आम्ही त्यांचीच पोरं. चार दिवस अबोला झाल्यावर ऑरिननेच तोड काढली. देशाचं काय व्हायचं ते होवो, आपली पैज फक्त न्यू हॅम्पशरपुरती. ज्याचा उमेदवार आपल्या राज्यात हरेल त्याने तो सबंध हिवाळा शेडमधून शेगडीसाठी लाकडं आत आणायची.

तेव्हापासून दर निवडणुकीला आम्ही एकाच गाडीतून टाउन हॉलला जायचो, एकमेकांचं मत खोडायचो आणि एकाच गाडीतून घरी यायचो. स्टिकनी गावातली माणसं हसायची. दोघांचं मिळून शून्यच होतं, मग पेट्रोल कशाला जाळता, घरी बसा की, म्हणायची. ऑरिन म्हणायचा, "मी बसलो तर ही गुपचूप जाऊन येईल."

यात एक गंमत अशी की ऑरिन स्वतः गावाचा मॉडरेटर होता. मॉडरेटर म्हणजे मतदानाच्या दिवसापुरता टाउन हॉलचा राजा. दार तो उघडणार, पेटी रिकामी आहे हे सगळ्यांना तो दाखवणार, मतदान संपलं हेही तोच सांगणार. गावाने त्याला इतक्या वेळा निवडून दिलं की पुढेपुढे त्याच्याविरुद्ध उभं राहायचं कोणाच्या मनातही येईना. राजा होता पण नियमाचा मोठा पक्का. आमच्याकडे मतदाराने टेबलासमोर येऊन आपलं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचं, टेबलावरच्या बाईने ते मोठ्याने परत म्हणायचं, यादीत त्या नावावर पट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ मारायची आणि मग मतपत्रिका हातात द्यायची. गर्दी असली की ऑरिन स्वतःच टेबलाशी उभा राहून नाव विचारायचा. एकदा माझ्या आईने नाव सांगायला नकार दिला. स्वतःच्या जावयाला नाव काय सांगायचं, तुला ठाऊक नाही का, म्हणाली. ऑरिन म्हणाला, "मला ठाऊक आहे, आई. पेटीला नाही." आई तणतणत घरी गेली, जेवून परत आली आणि इतक्या जोरात नाव सांगितलं की बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

ऑरिनला विसरण्याचा आजार लागल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आम्ही दवाखान्याबाहेर गाडीत नुसते बसून होतो. मला वाटलं तो शेताचं बोलेल, नाहीतर मुलीचं. तो म्हणाला, "नाव सांगता येतंय तोवर मला मतदानाला ने. आणि माझं नाव दुसऱ्या कोणी सांगायचं नाही, बर्निस. तू तर नाहीच." मी हो म्हणाले. तेव्हा हो म्हणायला काय जातं? त्या वेळी तो सगळ्या शेजाऱ्यांची नावं त्यांच्या आज्यांसकट सांगत होता.

या वर्षीच्या निवडणुकीपर्यंत त्यातलं फारसं उरलं नव्हतं. मुलीचं नाव गेलं, कुत्र्याचं गेलं. मला तो क्वचित बर्निस म्हणायचा, एरवी बाई. पण स्वतःचं नाव शाबूत होतं. मतदानाच्या सकाळी लापशी वाढता वाढता मी त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. ऑरिन टिबेट्स. ऑरिन टिबेट्स. शेवटी तो वैतागला आणि मला विचारलं, तुला ऐकू येत नाही का? मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या लापशीत मेपलचा पाक जरा जास्तच ओतला.

कित्येक वर्षं यादीच्या टेबलावर मीच बसते, त्यामुळे मला पहाटेच जावं लागलं. ऑरिनला शेजारीण मागाहून घेऊन येणार होती. राज्य यंदा अगदी काठावर होतं, म्हणून रांग दाराबाहेर गेली होती. हॉलमध्ये चर्चच्या बायकांच्या राजम्याच्या सूपचा वास पसरला होता. ऑरिन आत आला तो लाल चौकड्यांचं जाकीट घालून आणि वर टाय लावून. टाय त्याने स्वतः बांधला होता. माणसं त्याला पुढे जा म्हणत होती, पण तो रांगेतच उभा राहिला.

मग तो माझ्यासमोर आला.

त्याने माझ्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मी मनातल्या मनात त्याचं नाव ओरडत होते. सकाळी दहादा म्हटलेलं नाव, अरे, दोन शब्द आहेत. त्याच्या कपाळावर घाम आला. 

वेंडेल हॉजडन आता मॉडरेटर आहे. पोरगा चांगला आहे, ऑरिनच्याच हाताखाली शिकला. तो माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "बर्निस, तुम्ही सांगा ना नाव. अशा माणसाला मदत करायची सोय आहे कायद्यात. कोणी काही म्हणणार नाही."

ते मलाही ठाऊक होतं. कोणी काही म्हणणार नाही हेही ठाऊक होतं. सगळा हॉल मी बोलण्याचीच वाट पाहत होता. दोन शब्द बोलले असते, तर त्याला मतपत्रिका मिळाली असती आणि पडद्याआड हात धरून मी त्याला त्याच्या मेल्या पक्षापर्यंत नेलंही असतं. मला वेंडेलचा राग आला, कायद्याचा आला, गाडीत बसून मला शब्दात अडकवणाऱ्या नवऱ्याचा तर फारच आला. मी वेंडेलला म्हणाले, "त्याने नको म्हणून सांगितलंय."

तेवढ्यात ऑरिन ताठ झाला. मान वर, हात टेबलाच्या कडेवर. हे उभं राहणं मी जन्मभर पाहिलेलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं रांगेतून आलेल्या कोणाही बाईकडे पाहावं, आणि विचारलं, "नाव?"

टेबलाच्या कोणत्या बाजूला कोण आहे, तेच तो विसरला होता. की टेबल तेवढं त्याच्या लक्षात राहिलं होतं, कोण जाणे. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "बर्निस टिबेट्स."

"बर्निस टिबेट्स," तो म्हणाला. तोच आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. महिनाभरात त्याच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. टेबलावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईने रडत रडत माझ्या नावावर रेघ मारली. मतपत्रिका ऑरिनने स्वतःच्या हाताने मला दिली आणि मी पुढे गेल्यावर मागच्या माणसाला म्हणाला, "नाव?" वेंडेलने त्याला बराच वेळ तसंच करू दिलं.

पडद्याआड माझा हात थांबला. त्याच्या माणसाला मत द्यावं असं वाटलं, आज एकदाच. पण त्याला कळलं असतं तर तो भडकला असता. मी माझ्याच माणसासमोर खूण केली आणि मग रडले. इतक्या वर्षांत माझं मत पहिल्यांदाच कोणी खोडणार नव्हतं.

संध्याकाळी मतदान बंद करायच्या आधी वेंडेलने रीतीप्रमाणे विचारलं, कोणाचं मतदान राहिलंय का? माझ्यासमोरच्या पानावर सगळ्या टिबेट्सांच्या नावांवर रेघा होत्या, मधलं एक नाव सोडून. त्या नावाचा धनी खिडकीशी बसून सूप पीत होता. वेंडेलने पुन्हा विचारलं, माझ्याकडे न बघता. मी यादी मिटली.

सकाळी रेडिओने सांगितलं की आमचं राज्य माझ्या पक्षाकडे गेलं, थोडक्यात, पण गेलं. एरवी मी रेडिओचा आवाज वाढवला असता, भांडी वाजवली असती, ऑरिनचे बूट आणि लाकडांची टोपली त्याच्या खुर्चीपुढे नेऊन ठेवली असती. मागे एकदा तर मी टोपलीला रिबीन बांधली होती. आज मी रेडिओ बंद केला. बाहेर अंगणभर दहिवर पडलं होतं आणि शेगडीत निखाराही उरला नव्हता.

ऑरिन शेगडीपाशी हात चोळत बसला होता. "कोण जिंकलं?" त्याने विचारलं. निवडणूक झाली हे त्याला कसं आठवलं ते मला कधीच कळणार नाही.

"तू," मी म्हणाले.

त्याच्या चेहऱ्यावर जुनं, चीड आणणारं हसू आलं. "मग बघतेस काय, बाई? लाकडं आण."

मी टोपली उचलली आणि शेडकडे गेले.