मुगाची वाटी

"हाललं."

"कोनतं?"

"मोठं."

जयवंताबाईंनी तुरीचा एक दाणा पितळी वाटीत टाकला. शेजारची स्टीलची वाटी मुगाची. तिच्यात अजून तीनच दाणे होते. मोनाली डाव्या कुशीवर, पोटाखाली उशी घेऊन, डोळे मिटून पडली होती. बाहेरून कोणी हाक मारणार आहे आणि आपल्याला ती ऐकू आली पाहिजे, असा तिचा चेहरा.

"पुन्ना मोठंच," ती म्हणाली. "आई, थे लहानं झोपलं असंन का?"

"झोपू दे ना मंग. तुहा नवरा नाई का, सुट्टीच्या दिवशी दहा-दहा वाजेपर्यंत लोयते. बापावर गेलं असंन."

मोनाली हसली. हसण्यानं सगळं पोटच हललं, आणि ते कोणाचं धरायचं यावरून सासू-सुनेची थोडी वादावादी झाली. शेवटी ते कोणाचंच धरायचं नाही असं ठरलं.

दोन आठवड्यांपूर्वी अकोल्याच्या डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी करून सांगितलं होतं, की तिसाव्या आठवड्याच्या मानानं एक बाळ ठीक आहे, चौदाशे ग्रॅमचं. दुसरं मागे पडलंय, साडेनऊशेचं. दोघांची वार वेगवेगळी आहे, आणि लहान्याच्या वारेतून त्याला रक्त कमी पोचतंय. मोनालीनं तेव्हाच विचारलं होतं, "मी कमी जेवली मून?" मॅडम म्हणाल्या, "नाही गं. तुझ्या खाण्यात काही खोट नाही. तू काही केलं म्हणून हे झालेलं नाही." हे मोनालीला तिथे पटलं आणि अकोटच्या गाडीत बसेपर्यंत टिकलं. गल्लीत पाय ठेवला तर शेजारीण म्हणाली, "दोन लेकरं अन् पोट एवढुसं काहून वं?" झालं. त्या दिवसापासून तिला वाटे, आपणच मोठ्याला वाढलं आणि लहान्याच्या ताटात टाकायचं विसरलो.

पहिलं बाळंतपण म्हणून तिला भातकुलीला माहेरी जायचं होतं. मॅडमनी तेवढा प्रवास नको म्हटला. जेवणानंतर तासभर कुशीवर पडायचं, डावीकडे खाली मोठं, उजवीकडे वर लहान, कोण किती वेळा हललं ते लिहायचं. "जुळ्यांत चुकतं कधी कधी, पण जमेल तसं लिहा. आणि रोजच्यापेक्षा कमी वाटलं की त्याच दिवशी निघायचं. तारखेची वाट बघायची नाही."

पेन-वही घेऊन पडलं की मोनालीचं मोजणं चुकायचं. मग वाट्यांची युक्ती जयवंताबाईंनी काढली. सून म्हणेल तसा दाणा टाकायचा, तास झाला की मोजून आकडा सांगायचा, आणि मग मोनालीनं आपल्या बारावी पास अक्षरात तो वहीत उतरवायचा.

जयवंताबाई अकोटच्या बाजारात भाजी विकत. चाळीस वर्षं झाली. घरामागच्या वाडीत नत्थुजी, म्हणजे त्यांचे यजमान, पालक-मेथी-वांगी लावत, आणि जयवंताबाई ती तराजूनं तोलून देत. पारडं बरोबर आलं, की त्यांचा हात पुन्हा ढिगाकडे जाई. चार मिरच्या, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन काड्या, एखादं वांगं. "घे बापा, वरून घे." हे वरचं टाकल्याशिवाय तो हात मागे येतच नसे. नत्थुजी चिडायचे, "तुहं दुकान हाय का अन्नछत्र?" जयवंताबाई म्हणायच्या, "अवो, बरोब्बर तोलून त मशीनही देते." आता मात्र पंधरा दिवस दुकान बंद होतं. बाजारात त्यांच्या जागेवर दुसरंच कोणी तरी बसायला लागलंय, असं नत्थुजींनी सांगितलं, तेव्हाही त्या वाट्यांपासून उठल्या नाहीत.

लहान्याचे मूग रोज दहा-अकरा भरायचे. सोमवारी तास संपला तेव्हा सहा होते.

मोनालीनं आकडा लिहिला, आणि वही छातीशी धरून भिंतीकडे तोंड केलं. "उद्या भरन, नाई त निघू," जयवंताबाई म्हणाल्या. "आज गरम किती होऊन राहिलं. आपल्यालेच हालावं वाटत नाई." संध्याकाळी ती जेवली नाही. नवरा, सागर, कापसाच्या जिनिंगवरून आला, सरकीच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या पापण्यांनी तिच्याकडे बघत बसला. त्यानं तिच्या आवडीचा भरीत-भाकरीचा घास केला, हातात धरला, आणि पाच मिनिटांनी स्वतःच खाल्ला. तिच्या डोळ्यांखाली काळं उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीत नेऊन बीपी बघितलं, तेही थोडं चढलेलं; काळजी करू नको, नीट जेव, एवढंच तिथे सांगितलं.

मंगळवारी जयवंताबाई वाट्या घेऊन बसल्या, आणि सुनेचे केस बोटांनी मोकळे करता करता गुणगुणू लागल्या. जात्यावर बसणाऱ्या आईकडून चाल आलेली. शब्द त्यांचे त्यांनीच जुळवले.

"एका शेंगीमंदी दोन, दाने झोपले गं बाई
आधी भरला गं एक, दुज्याले गं नाही घाई."

मोनालीचा डोळा लागला. तास झाला. वाटीत सात मूग. जयवंताबाई त्या सातांकडे पाहत राहिल्या. आता ही उठेल, विचारेल, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करेल. त्यांचा हात पिशवीत गेला आणि वाटीवर आला. कधी गेला, कधी आला, त्यांनाही नीटसं कळलं नाही. चार दाणे पडले.

"आई, किती?"

"अकरा."

"खरंच?"

"तुहा डोया लागला तवा चारदा हाललं. मी हात ठेवून होती ना."

मोनाली उठून बसली. तिनं वरण-भात मागितला. वरून तूप घ्या म्हटलं तर हो म्हणाली. भात कालवणाऱ्या तिच्या बोटांकडे बघताना जयवंताबाईंना वाटलं, आपण काही वाईट नाही केलं. लेकरू काय, आईच्या पोटात जाईल तेच त्याच्या पोटात. आई जेवली.

बुधवारी पाच भरले. वहीत बारा लिहिले गेले. त्या दिवशी मात्र जयवंताबाईंनी तास संपताच वाट्या धुऊन पालथ्या घातल्या. भाकरी थापताना ती दोनदा फाटली. नत्थुजी म्हणाले, "का झालं वं?" त्या म्हणाल्या, "पीठ जुनं हाय."

गुरुवारी दुपारी चार.

तास संपायला थोडा वेळ होता. पितळी वाटी चांगली भरली होती. जयवंताबाई वाट बघत होत्या, मनातल्या मनात लहान्याशी बोलत होत्या, एकदा हाल रे माय, एकदा हाल. घड्याळाचा काटा पुढे गेला. त्यांची मूठ पिशवीत होती. मूठभर मूग.

"आई," मोनाली डोळे न उघडता म्हणाली, "आता मी मोजत बी नाई. नुसती पडते. तुमी हाय ना, मले काई भेव नाई वाटत."

मूठ पिशवीतच राहिली. मग ती उघडली, आणि रिकामी बाहेर आली.

"उठ," जयवंताबाई म्हणाल्या. "लुगडं... साडी बदल. अकोल्याले जाऊ."

"काहून? किती झाले?"

"चार."

मोनालीनं वाटी ओढून घेतली आणि बोटानं दाणे बाजूला करत दोनदा मोजली. चार दाणे मोजायला कितीसा वेळ लागतो! ती मोजतच राहिली.

शेजारच्या चंद्रभानची गाडी काढली. सागर जिनिंगवरून तसाच आला. मोनाली मागे त्याच्या मांडीवर डोकं ठेवून, जयवंताबाई पुढे. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी बोंडांवर आलेली. सागर म्हणाला, "कालवर त बारा होते ना, आई? एका दिवसात असं कसं झालं?" जयवंताबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. आता बोलावं, असं चारदा वाटलं. चारही वेळा मागून मोनालीचा हुंदका आला आणि त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या.

दवाखान्यात मॅडमनी पोटाला पट्टे लावले. आधी एक ठोका सापडला, दौडणारा. मग शोधाशोध. जयवंताबाईंनी पदर तोंडात धरला. मग दुसरा सापडला, पातळ, दूरचा, पण सापडला.

"दोन्ही आहेत," मॅडम म्हणाल्या, आणि वही उघडून उभ्यानंच पानं चाळू लागल्या. "सोमवारी सहा. मग अकरा, बारा. आज चार. मला हे नीट सांगा. हालचाल आज अचानक कमी झाली, की हळूहळू होत गेली? दोन्हींचा अर्थ वेगळा असतो."

"अचानक," सागर म्हणाला.

"नाई," जयवंताबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"म्याडम, त्या वहीतले दोन आकडे माहे हायेत. लेकराचे नाई."

जयवंताबाई पलंगाकडे न बघता बोलत होत्या. "मंगळवारी सात होते. म्या अकरा केले. बुधवारी पाच होते, बारा केले. मुगाचे दाने टाकले वाटीत. सोमवारचे सहा खरे. आजचे चार खरे."

"आई!" सागर म्हणाला. "काहून केलं असं?"

"ती जेवत नव्हती रे."

मॅडमनी पेन काढलं. अकरावर आणि बारावर रेघ मारून बाजूला सात, पाच लिहिलं. त्या ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मंगळवारीच आला असता, तर मी मंगळवारीच ठेवून घेतलं असतं." आणि थोडं थांबून, "पण आज आलात. उद्यावर नाही टाकलं."

मोनालीनं सासूकडे एकदा पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

बाळांची फुप्फुसं पिकावीत म्हणून इंजेक्शनं दिली. दोन दिवस मिळाले तर बरं, असं मॅडम म्हणाल्या. ते दोन दिवस जयवंताबाईंनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढले. आत डबा पाठवायच्या तो सागरच्या हातानं. डबा रिकामा परत यायचा, पण निरोप नसायचा. "बोलली का काई?" त्या विचारत. सागर म्हणे, "बोलते ना. माह्याशी बोलते."

शनिवारी दुपारी सिझर झालं. दोन्ही मुली. मोठी साडेसोळाशे ग्रॅम. लहानी एक हजार ऐंशी. रडली ती मांजराच्या पिलाएवढ्या आवाजात, पण रडली. दोघींना काचेच्या पेटीत ठेवलं. लहानीला श्वासासाठी नळी लागली, ती चौथ्या दिवशी निघाली. मॅडम म्हणाल्या, अजून बरेच दिवस आहेत, रोजचा दिवस रोज बघू.

आठव्या दिवशी शालू सिस्टर बाहेर आल्या. "आता पोरींना छातीशी धरायचं. उघड्या अंगाला उघडं अंग. त्यानं वजन धरते. मोठी आईजवळ देली. लहानीले कोन घेते? घरातलं कोनीही चालते."

सागर उठला. पण सिस्टर पुढे म्हणाल्या, "मोनालीनं सांगतलं, लहानी सासूजवळ द्या."

जयवंताबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "माह्याजवळ?"

"तुमच्याजवळ. चला, हात धुवा कोपरापर्यंत."

त्यांनी हात धुतले. सिस्टरनं पाहिले, पुन्हा धुवायला लावले. बोटांच्या भेगांत आणि नखांच्या कडांना मेथी-पालकाचा हिरवा-काळा रंग तसाच होता. जयवंताबाई तिसऱ्यांदा साबण लावू लागल्या, भेगा दुखेपर्यंत घासू लागल्या.

"जाऊन नाई राहिलं बाई," त्या कानकोंड्या होऊन म्हणाल्या. "चाळीस वर्षांचं हाय."

सिस्टरनं त्यांचे तळवे उजेडात धरले, उलटसुलट पाहिले. "बस झालं. चोख हायेत."

आत दोन खुर्च्या जवळजवळ मांडल्या होत्या. एकीत मोनाली, गाऊनच्या आत मोठीला घेऊन. दुसरीत जयवंताबाईंना बसवलं. चोळीच्या गाठी सोडल्या, आणि सिस्टरनं लहानीला आणून त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं. टोपी, लंगोट, आणि बाकी नुसती कातडी, जुन्या रेशमासारखी सुरकुतलेली. जयवंताबाईंनी हात तिच्या पाठीवर ठेवला तर सगळी पाठ एका तळव्याखाली गेली. लहानीनं एकदा तोंड इकडून तिकडे फिरवलं, गाल टेकवला आणि स्वस्थ झाली.

जयवंताबाई ताठ बसून राहिल्या. मान अवघडली, खांदा भरून आला, घाम कपाळावरून डोळ्यात उतरला. पुसायला हात काढवेना. शेजारच्या खुर्चीकडे पाहायचं धाडस होईना.

बऱ्याच वेळानं तिकडून आवाज आला. आठवडा उलटला, तो कानावर पडला नव्हता.

"आई, पाठ टेकवा. अवघडून जासान."

जयवंताबाई टेकल्या. पण इतक्या हळू, की खुर्चीलाही ते कळलं नसेल.