जड झालेलं मशीन

त्या रविवारी शिवऱ्याच्या बौद्धवस्तीत भामाबाईचं शिलाई मशीन सकाळपासून कण्हत होतं. सुगीपासून ते जड झालं होतं. दोन्ही पाय रेटून पायडल दाबावं, तेव्हा कुठं चाक नाइलाजानं फिरायचं. बाबासाहेबांच्या जयंतीला वस्तीतल्या बायका पांढरी पोलकी घालून मिरवणुकीच्या पुढं चालणार होत्या, आणि सगळी पोलकी शिवून द्यायचा शब्द भामाबाईनं दिला होता. कापड बेतून झालं होतं. शिलाई काही पुढं सरकत नव्हती.

तिची लेक अंजना वेल्ह्याला शाळेत मास्तरीण होती. शनिवारी एस.टी.नं घरी यायची आणि उंबऱ्याला टेकून पुस्तक उघडायची.

“ये, डोक्याला तेल घालते,” करडईच्या तेलाची वाटी घेऊन भामाबाई म्हणाली.

“नको आये. उद्या शाळा हाय. कपाळावर ओघळतं.”

“व्हय बाई, मास्तरणीचं डोस्कं कोरडंच बरं. मग ह्याला घालते. ह्ये तरी न्हाई म्हनत न्हाई.” मशीनच्या भोकाभोकांत वाटी रिकामी करून ती पुन्हा बसली. “लई जड झालंय बघ.”

“हं,” म्हणून अंजनानं पान उलटलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी भामाबाई मशीनवरून पाणी प्यायला उठली, रांजणापाशी बसली, ती उठलीच नाही. वेल्ह्याला निरोप पोचून अंजना येईपर्यंत अंगण माणसांनी भरलं होतं.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. जयंती तोंडावर आली होती. अंजनानं पांढऱ्या तुकड्यांचं गाठोडं सोडलं.

“पोरी, ऱ्हाऊ दे,” फुलाकाकू म्हणाली. ती शेजारची चुलती. “आमी जुनीच घालू. न्हाईतर नसरापुरात टाकू शिवायला.”

“नसरापूरच्या शिंप्याला ह्यातलं काय कळणार, काकू? आयेनं खडूची एक रेघ मारली न्हाई. नजरेनं कापलंय सगळं. कुठली बाही कुणाची, ते एक तिला ठावं आन् तिच्या हाताखाली शिकलेल्या मला.”

“आन् मशीन?”

“चालवीन.”

पण मशीन चालेना. एका बगलेची टीप मारताना तिच्या पिंढऱ्या भरून यायच्या. दोरा तुटायचा, कापड गोळा व्हायचं. सुई बदलून पाहिली. चाकावरची वादी ढिली असेल म्हणून कापून आखूड केली, तर पायडल आणखी अडलं. आई घालायची तसं तेल घातलं, वाटीभर. दोन दिवस जरा बरं चाललं आणि मग चाक जागच्या जागी रुतलं. हातानं फिरवायला गेली तर आतून करकर आवाज आला. तिनं भिऊन हात काढला. आत काही मोडलं तर आईचा शब्द कायमचाच गेला. गाठोडं तसंच पडलं होतं. त्याच्याकडं बघवत नव्हतं, आणि दुसरीकडं बघायला त्या घरात काही नव्हतं.

अखेर तिनं सुईखालची पत्र्याची झाकणी सरकवली आणि वाकून पाहिलं. आत काकवीसारखा पिवळा चिकटा बसला होता, त्यात वर्षानुवर्षांचा दोऱ्याचा भुगा. वास आला, आणि ती तशीच वाकलेली राहिली. शाळेत जाण्याआधी वेणी घालताना यायचा तो वास होता. आई तिच्या डोक्याला तेल घालायची आणि वाटीत उरेल ते मशीनला घालायची. पुढं अंजना नको म्हणायला लागली, तेव्हापासून सगळी वाटी मशीनलाच. आणि खायचं तेल तर लोखंडावर राळेसारखं वाळतं. माया करून करून आईनंच ते जाम करून ठेवलं होतं.

फुलाकाकू रॉकेलची बाटली घेऊन आली. अंजना चिंधी हातात धरून बसूनच राहिली.

“पूस की. काय बघतीस?”

“पुसलं की जाईल ना सगळं.”

 काकूनं बाटलीचं बूच काढलं आणि बाटली अंजनाच्या हाताशी ठेवली.

अंजनानं रॉकेल ओतलं. चिकटा सुटू लागला, पिवळे ओघळ खालच्या परातीत पडू लागले. चिंध्यांमागून चिंध्या काळ्या झाल्या. दाभणानं भुगा उकरला, मशीन उन्हात ठेवलं. तोवर काकू नसरापूरहून मशीनचं खरं तेल घेऊन आली. थेंब थेंब तेल घालून अंजनानं चाकाला बोट लावलं. चाक फिरलं आणि फिरतच राहिलं.

ती पायडलवर बसली. पाय नुसता टेकला तर सुई धावत सुटली, बगलेची टीप बघता बघता संपली.

“पाखरू झालं गं,” काकू म्हणाली. “आता हुतील सगळी.”

अंजनाचे पाय थांबले. पिंढऱ्या अजून दुखत होत्या. चार दिवसांत तिची ही गत झाली होती, आणि आईनं हेच मशीन सुगीपासून ओढलं होतं. त्या घरात जेवलीस का, आलीस का, एवढंच विचारायची रीत. त्यापलीकडचं कुणी कुणाला विचारत नसे. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

काकू समोर आहे हे विसरून, रांजणाकडं बघत ती मोठ्यानं म्हणाली, “आये, लई दमली व्हतीस का गं तू?”